आई ‘बघतो’ म्हणाली

वाचकांच्या गूढ अनुभवांचा हा विभाग मी गेली काही वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीत, मैत्रिणींना वाचून दाखवून हसायला. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या मागे कुणी चालत येतं... मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. घरात देव आहेत, पण ते सासूबाईंचे. अमावस्या कधी असते हे मला कॅलेंडर बघूनच कळतं. त्यामुळे माझ्यावर इथे लिहायची वेळ येईल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्यालाही हसले असते.

तरीही लिहितेय, कारण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं. भर दुपारी, पंख्याखाली, चहाचे कप अजून उचलायचे होते तेव्हा. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

माझं माहेर चिखलीचं. आमची तिथली शेती कधीच संपली. शेत होतं त्या जागेवर आता गाळे आहेत, आणि त्या गाळ्यांच्याच वर पहिल्या मजल्यावर आई-आण्णा राहतात. खाली एक प्रेस शॉप आहे, पत्र्याचे पार्ट ठोकून काढणारं. दिवसभर मशीन आदळत असतं, त्याच्या हादऱ्यानं स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं किणकिणतात. नवीन माणसाला बसवत नाही, पण आई-आण्णांना त्याची इतकी सवय झालीय की गुरुवारी, औद्योगिक सुट्टीच्या दिवशी, सगळं शांत झालं की आण्णा उगीच गॅलरीत येऊन खाली बघतात. मी लग्न होऊन पिंपळे गुरवला आहे. माझीही सुट्टी गुरुवारीच, म्हणून माहेरी जायचा वार तोच.

निलेश माझा धाकटा भाऊ. आमच्या भावकीत इंजिनिअर बरेच झाले, दोन-तीन जण कॅनडाला गेले, पण पायलट हा एकटाच. लायसन्स मिळालं आणि मोठ्या एअरलाइनच्या नोकरीची वाट बघता बघता तो एका फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर झाला. स्कूलचं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. घाटापलीकडे, एका छोट्या धावपट्टीवर, एवढं पुरे. तिथे तो रमला. ‘ताई, स्वतः उडण्यापेक्षा दुसऱ्याला पहिल्यांदा एकटं सोडताना जास्त धडधडतं,’ असं म्हणायचा.

पायलटला लॉगबुक ठेवावं लागतं. प्रत्येक उड्डाणाची नोंद — तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ. निळ्या कव्हरचं, जाडजूड, आडवं पुस्तक. बाकीचे लोक ते नुसतं भरतात. निलेशनं त्याचं काय करून ठेवलं होतं! दोन पानांच्या मध्ये त्यानं बटर पेपरचे कागद घातले होते, अधिकृत पान खराब होऊ नये म्हणून, आणि त्या कागदांवर तो काहीबाही चिकटवायचा. विद्यार्थ्यांचे पहिल्या सोलोनंतरचे, म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं उडून आल्यावरचे, प्रथेप्रमाणे पाणी ओतून चिंब झालेले फोटो. तशाच प्रथेनं, पहिल्या सोलोला कापलेल्या स्वतःच्या शर्टाचा तुकडा. एसटीचं तिकीट. कसलंसं पीस. आईनं घरून निघताना दिलेली आळंदीच्या बुक्क्याची पुडी — तीसुद्धा चपटी करून टेपखाली. स्कूलमधले लोक त्याला म्हणायचे, हे लॉगबुक आहे की लग्नाचा अल्बम? तो हसायचा आणि चिकटवत राहायचा.

तो गेला ते सकाळच्या एका साध्या ट्रेनिंग फ्लाइटमध्ये. बरोबर मैत्रेयी नावाची विद्यार्थिनी होती, आमच्या जवळचीच, निगडी प्राधिकरणातली. टेक-ऑफनंतर थोड्या वेळात इंजिन बंद पडलं. विमान शेतात उतरलं, पण बांधावरच्या झाडावर त्याची उजवी बाजू आदळली. डाव्या बाजूनं चेपलं जाऊ नये म्हणून त्यानं ते वळवलं असावं, कारण डावीकडे ती बसली होती. ती वाचली. खांदा मोडला, डोक्याला मार बसला. निलेश जागीच गेला.

चौकशी झाली. इंजिन बंद पडलं होतं हे नक्की झालं. पण अशा विमानात दोघांच्याही समोर सारखेच कंट्रोल असतात, आणि शेवटच्या क्षणांत विमान नेमकं कुणाच्या हातात होतं हे काही कळू शकलं नाही. एवढ्या लहान विमानात आवाज रेकॉर्ड करणारं यंत्र नव्हतं. मैत्रेयीला काही आठवत नव्हतं. अहवालात तसंच लिहिलं होतं.

पण आमच्या घरी येणाऱ्या लोकांना अहवालाची गरज नव्हती. दहाव्यालाच कुणीतरी म्हणालं, पोरगी घाबरून दांड्याला धरून बसली असंल, त्याला काय करता येणार. ते वाक्य आण्णांनी धरलं. सोडलंच नाही. मैत्रेयीचे आईवडील भेटायला आले तर आण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आईनं त्यांना पाणी दिलं, ते पिऊन ते उठले.

आई तर त्यानंतर बोलायचीच बंद झाली होती. म्हणजे भाजी कुठली करू, गॅस आला का, एवढंच. रडायचीही नाही. मला ते जास्त भयंकर वाटायचं.

काही महिन्यांनी स्कूलमधून निलेशची बॅग आली. लॉगबुक त्यात होतं, पण नागडं. चौकशीसाठी घेताना त्यातले सगळे बटर पेपर आणि चिकटवलेलं सगळं कुणीतरी काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं होतं. वर चिठ्ठी — नोंदींचा भाग नसलेलं साहित्य. फोटो, चिंधी, पीस, झाडाची वाळलेली पानं, सगळं एकत्र. काही कागदांवर टेपबरोबर कागदाचाच पापुद्रा निघाला होता.

आण्णा म्हणाले, हे घरात ठेवायचं नाही. वर्षश्राद्धाला आळंदीला जाऊ तेव्हा इंद्रायणीत सोडून देऊ. आई तोपर्यंत दारात उभी होती. ती आत आली, पिशवी उचलली आणि म्हणाली, “आदी जिथलं तिथं लावू. मंग तुमाला काय करायचं ते करा.”

तिनं आपणहून काढलेलं बऱ्याच दिवसांतलं ते पहिलं लांब वाक्य होतं. आण्णांनी मान हलवली.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी पुढच्या खोलीत चटईवर बसायचो. मी नवीन बटर पेपर आणला, डबल टेप आणला, फोटोचे कोपरे आणले. माझी पद्धत अशी की निलेशच्या अकाउंटवरचे फोटो लॅपटॉपवर उघडायचे, तारीख बघायची आणि लॉगबुकमध्ये ती तारीख शोधायची. फोटोंचं ठीक होतं. पण पिसाची तारीख काय? पानाची काय?

आई लॅपटॉपकडे बघायचीच नाही. तिला इंग्रजी येत नाही, आकडे तेवढे कळतात. ती पिशवीतून एक वस्तू काढायची, थोडा वेळ तळहातावर धरून बसायची, मग लॉगबुकची पानं उलटायची आणि बोट ठेवायची. “हे हितं.” मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, “असंच.” मला वाटलं, लावू दे तिला हवं तिथे. कुणाला काय फरक पडणार आहे? करंजाचं एक वाळलेलं पान तिनं उलटं लावलं, देठ वर. मी सरळ करायला गेले तर माझा हात बाजूला सारला.

लावता लावता ती थोडं बोलायलाही लागली. माझ्याशी नाही, त्या वस्तूंशी. एखाद्या फोटोला, “दात किती काडतो रं.” एखाद्या तिकिटाला, “उभ्यानं आला असशील.” मला बरं वाटायचं. आण्णाही आतून ऐकत असायचे, मला पेपर उलटल्याचा आवाज यायचा नाही म्हणून कळायचं.

अशाच एका गुरुवारी ते पहिल्यांदा झालं.

मी त्या शर्टाच्या तुकड्याला टेप लावत होते. निलेशच्या अक्षरात त्याच्यावर पेनानं काहीतरी लिहिलेलं, धुतल्यासारखं फिकट झालेलं. माझा हात थरथरायला लागला. टेप वाकडा गेला, काढायला गेले तर कापडाचा धागा निघाला. मी थांबले. आईनं दोन्ही हातांनी माझी मनगटं धरली, शांतपणे खाली नेऊन माझ्याच मांडीवर ठेवली आणि म्हणाली,

“हात मांडीवर ठेव, पोरी. मी बघतो. खाली शेत हाय.”

आवाज तिचाच होता. हे नीट सांगते, कारण लोक विचारतात. पुरुषी आवाज नाही, घोगरा नाही, काही नाही. पण ‘बघतो’. आई ‘बघतो’ म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात हे मला हॉस्टेलमधल्या मैत्रिणीमुळे माहीत आहे. पण आई मोशीची, लग्न होऊन चिखलीत आलेली. तिच्या तोंडून असं रूप मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि खाली शेत? खाली तर प्रेस शॉप होतं. शेत जाऊन इतकी वर्षं झाली...

मी विचारलं, “आई, काय म्हणालीस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “काय? तुझा हात हालतोय म्हनून म्या घेतलं.” आणि ती चिंधी तिनं स्वतः लावली.

घरी येऊन मी फक्त माझ्या नवऱ्याला, संदीपला, सांगितलं. तो म्हणाला, आईंच्या मनात जुनं शेत आणि निलेश सगळं एकत्र झालं असेल, वय आहे, धक्का आहे, एकदा डॉक्टरांना दाखवू. मलाही ते पटलं. शेताचं तर नक्कीच पटलं. मी विषय तिथेच सोडला.

पुढे काही दिवसांनी पराग सरांचा फोन आला. ते निलेशचे स्कूलमधले सहकारी, तेही इन्स्ट्रक्टर. अधूनमधून आई-आण्णांची चौकशी करायचे. मी त्यांना सांगितलं की आम्ही लॉगबुक परत लावतोय, पण कुठलं कुठे होतं ते कळत नाही. ते म्हणाले, थांबा, निलेशनं मला काही पानांचे फोटो पाठवले होते, चिडवायला, बघ माझा अल्बम म्हणून. शोधून पाठवतो.

पाठवले. मोजकीच पानं होती. मी कंपनीच्या बसमध्ये होते, चाकणहून परत येताना. एक-एक उघडून बघत गेले. पीस — आईनं लावलेल्याच पानावर. एसटीचं तिकीट — त्याच पानावर, तिनं लावलं होतं तसंच तिरकं. करंजाचं पान... उलटं. देठ वर.

मी तो फोटो मोठा करून परत बघितला. आईनं ते लॉगबुक निलेश असताना कधी उघडलं नव्हतं. ते कायम स्कूलमध्येच असायचं. घरी त्यानं एकदाही आणलं नव्हतं, हे मी त्यालाच विचारल्याचं मला आठवतंय. कारण मला बघायचं होतं, आणि तो म्हणाला होता, हरवलं तर माझं सगळं उडणं हरवेल.

मी आईला ते फोटो दाखवले नाहीत. घाबरले, एवढंच.

त्याच सुमाराला मैत्रेयीचा मेसेज आला. नंबर तिला पराग सरांकडून मिळाला होता. तिच्याकडे त्या सकाळचा एक फोटो होता, उड्डाणाआधी विमानाशेजारी काढलेला. तो लॉगबुकमध्ये लावाल का, असं विचारलं होतं. मीच आणून देईन, पण काका-काकूंना चालणार नसेल तर कुरिअर करते, असंही.

आण्णा म्हणाले, न्हाई. एवढंच म्हणाले. आई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “गुरुवारी येऊ दे.” आण्णांनी परत नाही म्हटलं नाही, पण मला म्हणाले, “ती आली की म्या भाईर जाईन.”

मैत्रेयी आली ती तिच्या आईला खाली रिक्षातच थांबवून. मी कल्पना केली होती त्यापेक्षा लहान वाटली. ओढणीखाली डावा खांदा किंचित उतरलेला. आण्णा खरंच उठले, पण घराबाहेर गेले नाहीत. गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले. गुरुवार असल्यामुळे खालचं मशीन बंद होतं, त्यामुळे आतलं सगळं त्यांना ऐकू जाणार हे मला कळत होतं. बहुधा त्यांनाही कळत होतं.

चहा झाला. मैत्रेयीनं तिच्या पर्समधून फोटो काढला. छापून आणला होता. निलेश विमानाला टेकून उभा, ती शेजारी, हेडसेट गळ्यात, दोघंही उन्हामुळे डोळे बारीक करून. मी लॉगबुक उघडलं. शेवटच्या नोंदीनंतरची ओळ कोरी होती. शेवटचं उड्डाण त्यात नाहीच. उतरल्यावर लिहितात ना ते...

तो फोटो त्या कोऱ्या ओळीसमोरच्या बटर पेपरवर लावायचा, असं आईनं बोटानं दाखवलं आणि टेप मैत्रेयीच्या हातात दिला. तूच लाव, अशा अर्थानं. तिनं टेपचा वरचा कागद काढायचा प्रयत्न केला. तिचे हात इतके हलायला लागले की फोटोच खाली पडला. तिनं उचलला, परत प्रयत्न केला. मग हात घट्ट आवळून तशीच बसली. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

आई पुढे सरकली. तिची दोन्ही मनगटं धरली. हळूच खाली नेऊन तिच्या मांडीवर ठेवली.

“हात मांडीवर ठेव, पोरी,” आई म्हणाली. “मी बघतो.”

आणि थांबली. एवढंच म्हणाली आणि थांबली. मी पुढच्या तीन शब्दांची वाट बघत होते, पण आईनं ते म्हटले नाहीत.

मैत्रेयी आईकडे बघत होती. तिचा चेहरा मला विसरता येत नाही. भीती नव्हती त्यात. कुणीतरी खूप लांबून हाक मारली आणि आपण ओ द्यायला उशीर केला, असं काहीतरी. तिचे ओठ हलले आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली,

“खाली शेत हाय.”

‘हाय’. प्राधिकरणातली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. ‘आहे’ नाही म्हणाली.

गॅलरीत आण्णा वळले होते.

मग ती बोलली. सलग नाही, थांबत थांबत. तिला सगळं आठवत नव्हतं हे खरंच होतं. पण एक वाक्य आठवत होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. चौकशीला नाही, आईवडिलांना नाही, कुणालाच नाही. निलेश सर विमानात कायम इंग्रजीत बोलायचे. कंट्रोल घेताना ठरलेलं इंग्रजी वाक्य असतं, तेच म्हणायचे. ते त्यांनी म्हटलंही असेल, तिला आठवत नाही. पण मग ते एकदम मराठीत बोलले. घरच्यासारखं. हात मांडीवर ठेव, पोरी, मी बघतो, खाली शेत हाय. त्यांनी तिला त्याआधी कधी ‘पोरी’ म्हटलं नव्हतं.

“म्हणजे माझे हात कंट्रोलवर होते,” ती म्हणाली. “म्हणूनच सर तसं म्हणाले. आणि मी काढले की नाही, तेच मला आठवत नाही, काकू. तेवढंच आठवत नाही.”

आई तिची मनगटं अजून धरून होती. आता ती बोलली ते तिचं तिचं, नेहमीचं बोलणं होतं.

“काडलंस तू. तवाच त्याला वळवता आलं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माहीत हाय,” आई म्हणाली.

मैत्रेयी मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आणि आई — जी निलेशच्या वेळी रडली नव्हती — तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. तोंड स्थिर, आवाज नाही. मी फोटो उचलला आणि त्या पानावर लावला. मला वाटतं तो थोडा वाकडा लागलाय.

मैत्रेयी निघाली तेव्हा आण्णा आत आले. खिळ्याला अडकवलेली स्कूटरची चावी काढली आणि म्हणाले, “तुझ्या आईला रिक्षानं जाऊ दे पुढं. तुला म्या सोडतो.” मी काही विचारायच्या आत ते जिना उतरले होते.

वाटेत काय बोलले ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मैत्रेयीनं नंतर फोनवर सांगितलं. निगडीच्या पुलाजवळ सिग्नलला थांबले तेव्हा, मान न वळवता, त्यांनी एकच विचारलं — त्या सकाळी निलेशनं काही खाल्लं होतं का? ती म्हणाली, हो, पोहे, आम्ही सगळ्यांनीच खाल्ले होते. आण्णांनी मान हलवली. सिग्नल सुटला.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. डोक्याला मार लागलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं स्वतःची आठवण वाटू शकतं, असं डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीनं मला सांगितलं. मान्य. पण मग शेवटचे तीन शब्द? ते त्या दिवशी आईनं म्हटलेच नव्हते. ते आधी ऐकलेली मी, फार तर आतून आण्णा, आणि आण्णा तर तिच्याशी कधी बोललेच नव्हते. मी सांगितलं होतं ते फक्त संदीपला. संदीप मैत्रेयीला ओळखत नाही. मैत्रेयीनं आधी कधीतरी आईला फोन केला असेल? आईचा फोन मीच घेऊन दिलेला आहे. त्यात दहा-बारा नंबर आहेत, ते सगळे मला पाठ आहेत. मी कॉल बघितले. हो, आईचे कॉल मी चोरून बघितले. काही नव्हतं. निलेश घरी कधी असं म्हणायचा का, हे मी आण्णांना विचारलं, पराग सरांना विचारलं, त्यानं शिकवलेल्या आणखी दोघांना विचारलं. कुणीच ऐकलेलं नव्हतं.

आणि आईला विचारलं. तेही केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी सरळ विचारलं, आई, तुला कोण सांगत होतं? तिनं टेपचं टोक दुमडून ठेवलं. मग म्हणाली, “ते त्या पोरीचं हुतं. माज्यापाशी ठिवायला दिलं हुतं. तिला देऊन टाकलं.”

आणि ती पिशवीतून पुढची वस्तू काढायला लागली.

लॉगबुक इंद्रायणीत सोडलं नाही. वर्षश्राद्धाला आळंदीला गेलो, विधी केले, आणि आण्णांनीच ते घरी कपाटात, त्यांच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवलं. मैत्रेयी अधूनमधून येते. तिनं फ्लाइंग सोडलं. एकदा परत गेली होती, विमानाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली. आता हिंजवडीला नोकरी करते. बरी आहे, असं म्हणते. झोप लागते, असंही एकदा म्हणाली. मी त्याहून जास्त विचारत नाही.

मला मात्र वेगळीच गोष्ट सलते, आणि ती कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. पिशवी अजून रिकामी झालेली नाही. थोड्या वस्तू राहिल्यात. एक निळं बटण, कसल्याशा झाडाची शेंग, एक किल्ली, कुठल्यातरी हॉटेलच्या कागदी नॅपकिनचा कोपरा. पराग सरांनी पाठवलेल्या फोटोंत त्या नाहीत. निलेशच्या अकाउंटवर त्यांचा पत्ता नाही. आणि आईला त्या आता लावता येत नाहीत.

आम्ही अजून गुरुवारी बसतो. ती वस्तू तळहातावर घेते, वाट बघते. पानं उलटते, परत मागे जाते. बोट कुठेच थांबत नाही. फोटोंशी बोलणंही थांबलंय. त्या दुपारपासूनच. घरात पुन्हा तसंच झालंय, भाजी कुठली करू, गॅस आला का... मैत्रेयीला जे मिळालं, ते आमच्या घरातून उठून गेलं, असं मला वाटतं. तिला मिळायला हवंच होतं. पण आईकडे बघितलं की मनात नको ते येतं.

हे काय होतं, कुठून आलं, का गेलं, हे तुमच्यापैकी कुणाला समजलं तर लिहा, पण कृपा करून मांत्रिकांचे पत्ते देऊ नका.

गेल्या गुरुवारी आईनं ते निळं बटण बराच वेळ हातात फिरवलं. मग माझ्यापुढे धरलं.

“हे कुटलं गं?”

मी म्हटलं, माहीत नाही, आई.

तिनं ते परत पिशवीत टाकलं, पिशवीला गाठ मारली आणि चहा ठेवायला उठली.